तांदूळ कुठल्या पानावर संपतात?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा, की तुम्ही मुलुंडला राहता, जाता-येता ट्रेनमध्ये वाचता, आणि सध्या सगळ्यांनी डोक्यावर घेतलेली ती भांडुपच्या तीन भावंडांची कादंबरी तुम्ही घेतलीत. आई आधीच वारलेली, बाप जूनमधल्या एका सकाळी "नाशकाला काम आहे, दोन दिवसांत येतो" म्हणून जातो तो येतच नाही, आणि १४ वर्षांचा मुलगा नि १० आणि ६ वर्षांच्या दोन बहिणी चाळीतल्या खोलीत आठ महिने एकटी काढतात. पहिली साठेक पानं तुम्ही असे गुंगून वाचलीत की मुलुंड गेलं नि ठाण्याला उतरलात, आणि मग जो कंटाळा आला तो आलाच. आता दीडशेव्या पानावर अडकलायत, रविवारी वाचनालयाच्या कट्ट्यावर तुम्हालाच या पुस्तकावर बोलायचंय, आणि तुम्ही विचारताय की पूर्ण करू की सोडू, आणि मुळात माझंच काही बिनसलंय का, मी निबर झालोय का.

आधी माझं सांगते म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. मी गेली २५-२६ वर्षं प्रकाशकांसाठी हस्तलिखितं वाचते. लेखकाने बाड आणून दिलं (आता पीडीएफ येते, डोळे जातात) की ते वाचायचं आणि दोन पानांचा अभिप्राय लिहायचा, छापावं का, छापायचं तर कुठे हात फिरवायला हवा. पोरं एकटी पडल्याच्या गोष्टी माझ्याकडे दर वर्षी दोन-तीन तरी येतात. ही कादंबरी माझ्या हातून गेलेली नाही, तुमच्यासारखीच दादरला दुकानातून घेतली, वाचली आणि मीही निराश झाले, तेव्हा हे काही तटस्थ उत्तर नाही. नाव घेत नाही कारण लेखकाचं पहिलंच पुस्तक आहे आणि माणसात दम आहे, ते पुढे येईलच.

पूर्ण करू की सोडू हा तुमचा खरा प्रश्न नाहीये असं मला वाटतं. सोडायचं तर तुम्ही कधीच सोडलं असतं, विचारायला आला नसतात. खरी अडचण अशी आहे की तुम्हाला अपराधी वाटतंय. आईबापाविना पोरं, सहा वर्षांची मुलगी, आणि आपल्याला जांभई येतेय म्हणजे काय. या विषयावरच्या पुस्तकांचं हे नेहमीचं झालंय, विषयच इतका हळवा असतो की वाचणारा आधीच पाघळलेला असतो, आणि पुस्तकाला नावं ठेवली की त्या पोरांनाच नावं ठेवल्यासारखं वाटतं. मी नवीन होते तेव्हा अशा एका बाडावर "अत्यंत हृदयस्पर्शी" असं लिहून मोकळी झाले होते. ज्यांच्या हाताखाली शिकले त्या संपादक बाईंनी मला बोलावून एवढंच विचारलं, "हृदयाला काय स्पर्शलं? पोराची आई मेली हे, की लेखकाने ते कसं लिहिलं ते?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आई मेली हे लेखकाचं कर्तृत्व नाही, ते तर कुणीही मारू शकतो, एका वाक्याचं काम आहे.

आता काही गोष्टी परिस्थितीवर असतात ते कबूल करून टाकते. मुलुंड ते सीएसएमटी उभ्याने, वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत वाचलेली कादंबरी आणि सुट्टीत एका बैठकीत वाचलेली कादंबरी एक नसते, संथ पुस्तकाचं ट्रेनमध्ये वाटोळं होतं. ज्यांच्या घरी आत्ता त्या वयाची पोरं आहेत त्यांना हे पुस्तक जास्त लागेल. आणि स्वतः असं बालपण काढलेला माणूस असेल तर त्याला यात काय दिसेल ते तुम्ही-मी सांगू शकत नाही. हे सगळं धरूनसुद्धा साठाव्या पानानंतर काहीतरी होतं, ते मलाही झालं आणि मी घरात खुर्चीत बसून वाचत होते.

काय होतं ते सांगते. पान ४० च्या आसपासचा तो शर्टाचा प्रसंग आठवतोय? बापाला जाऊन बारा दिवस झालेत, शेजारी विचारायला लागलेत, आणि थोरला मुलगा बापाचा खुंटीवरचा धुतलेलाच शर्ट पुन्हा धुतो आणि गॅलरीतल्या दोरीवर वाळत घालतो, बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की बाप रात्री येऊन गेला. काय सुरेख आहे! त्या एका शर्टात सगळं आहे, पोराची अक्कल, भीती, आणि बाप येणार नाही हे त्याला आतून कळलंय तेही. मी तिथे पेन्सिलने मोठी खूण केली. आणि मग पुढची सव्वातीनशे पानं वाट बघत बसले की तो शर्ट परत कधी येतो. रोज एकच शर्ट धुतला तर शेजारीण म्हणणार ना कधीतरी, "तुझ्या बाबांकडे एकच शर्ट आहे का रे?" पावसात तो वाळणार नाही, कॉलर विरेल, कधीतरी ते पोरगं स्वतःच तो घालेल आणि खांद्यात बसेल. काहीच नाही. शर्ट गेला तो गेला. त्याच्या जागी आला कावळा, आभाळ, स्वप्नं आणि बापाला मनातल्या मनात लिहिलेली पत्रं, एकेक पत्र चार-चार पानांचं.

तुमचा कंटाळा तिथे सुरू झालाय. पुस्तकाने तुम्हाला एक वचन दिलं होतं आणि ते मोडलं.

अशा गोष्टी वाचताना माझी एक सवय आहे, तुम्हीही करून बघा. शेवटच्या कोऱ्या पानावर मी हिशोब मांडते. घरात किती पैसे, किती माणसं, काय येतं, काय जातं. या कादंबरीत बापाने डब्यात ३,२०० रुपये ठेवलेत हे पान ३१ वर आहे. खोलीचं भाडं ४,५०० हे पान १८ वर आहे, बाप मालकाशी हुज्जत घालतो तिथे. म्हणजे पहिल्याच महिन्यात भाड्यालाच पैसे नाहीत. मालक कुठेय? आठ महिन्यांत मालक एकदाही दारात येत नाही, असा मालक मुंबईत कुठे असेल तर पत्ता कळवा. तीन पोरांना दोन वेळचं म्हणजे दिवसाला अर्धा किलो तांदूळ धरा, महिन्याला पंधरा किलो झाला. गॅसचा सिलिंडर १४.२ किलोचा, काटकसरीने दोन महिने ओढला तरी आठ महिन्यांत तीन-चार लागणार, आणि तो घ्यायला दुपारी घरी कुणीतरी हवं आणि हातात पैसे हवेत. वीजबिल थकलं की आधी नोटीस येते मग मीटर कापतात. थोरला पान ११० वर गाड्या धुवायच्या कामाला लागतो, छान, पण किती मिळतात? पूर्ण पुस्तकात आकडा नाही. पहिला पगार हातात आल्यावर १४ वर्षांचं पोरगं काय घेतं, हे ज्या लेखकाला सांगावंसं वाटत नाही त्याला त्या पोरात रस उरलेला नाही असं मी धरून चालते.

कुणी म्हणेल बाई, कादंबरी वाचताय की वाण्याची वही. पण पोरं एकटी राहतात या गोष्टीत मोठी माणसं गेली म्हणजे नेमकं काय गेलं? प्रेम गेलं वगैरे ठीक आहे, पण आधी गेली ती कामं. भाडं भरणं, रांगेत उभं राहणं, प्रगतीपुस्तकावर सही करणं, रात्री कडी लावली का बघणं. ती कामं आता कुणीतरी करायला हवीत किंवा ती पडून राहायला हवीत, आणि दोन्हीतून गोष्ट तयार होते. लेखकाने बाप काढून घेतला पण बापाची कामं कुणाच्या अंगावर टाकलीच नाहीत. मग पोरांना दिवसभर करायला काही उरलं नाही, म्हणून ती विचार करत बसतात, आणि ते विचार चाळिशीतल्या माणसाचे आहेत. सहा वर्षांची मुलगी "वाट पाहणं हेच आमचं घर झालं होतं" असं मनात म्हणते. सहा वर्षांची! त्या वयाची पोरगी पेन्सिल कुणी घेतली यावरून अख्खा दिवस घालवते.

आणि हातातोंडाशी असलेली गोष्ट कशी सोडली बघा. दोन्ही मुली महापालिकेच्या शाळेत आहेत, एक पहिलीत एक पाचवीत. शाळेत पोषण आहार मिळतो, म्हणजे दुपारची खिचडी. तो आहार पहिली ते आठवी. थोरला नववीत आहे, म्हणजे बहिणींना खिचडी आहे आणि त्याला नाही. आता नुसता एवढा नियम घेऊन बसा. धाकटी डब्यात खिचडी लपवून भावासाठी आणेल का? मधली पकडली जाईल का? बाईंना काय सांगेल? आणि मग येते दिवाळीची सुट्टी. सगळ्या वर्गाला आनंद, आणि या तिघांसाठी दोन-तीन आठवडे दुपारचं जेवण बंद. मुंबईतल्या एकट्या पोरांच्या गोष्टीत दिवाळी हा भुकेचा महिना असू शकतो, हे सुचलं असतं तर मधल्या शंभर पानांचं सोनं झालं असतं. पुस्तकात दिवाळी आहे, पण त्यात शेजारच्या गॅलरीतला कंदील बघून मुलं गप्प होतात. बस.

अजून एक छोटं, पण मला ते फार खटकलं. सहा वर्षांच्या मुलीचा आठ महिन्यांत एकही दात पडत नाही, तिचं सातवं वर्ष लागत नाही, कुणाचे युनिफॉर्म आखूड होत नाहीत, केस वाढत नाहीत, उवा होत नाहीत. मोठी माणसं नसलेल्या घरात काळ कशावरून कळतो, पोरांच्या अंगावरून कळतो ना. इथे जून ते फेब्रुवारी फक्त प्रकरणांच्या नावात आहे.

आता चाळीचं बोलते, कारण यात मी जरा चिडलेली आहे. मी लालबागच्या चाळीत वाढले. १९८२ चा गिरणी संप १८ जानेवारीला सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर, वडील त्यातले एक. त्या पावसाळ्यात ते लावणीसाठी कोकणात गावी गेले होते, तशी आमच्या मजल्यावरची निम्मी माणसं गावी गेली होती, मुंबईत बसून खाणार काय. मग आजी आजारी म्हणून निरोप आला आणि आईलाही जावं लागलं, आणि मी ११ वर्षांची नि भाऊ ७ वर्षांचा असे आम्ही नऊ दिवस एकटे होतो. एकटे म्हणजे काय, तर डावीकडे काकू, उजवीकडे आत्या म्हणायचो त्या, समोर बिऱ्हाडात आजोबा, आणि कडी रात्री सोडून कधी लावलीच नाही. पहाटे साडेचारला नळाला पाणी, भरलेली कळशी मला उचलायची नाही म्हणून अर्धी भरून दोन खेपा करायचे, आणि मागच्या बायका "चल गं लवकर" म्हणून ओरडायच्या, एकटी आहे म्हणून कुणी रांगेत पुढे घेतलं नाही. माझा भाऊ तिसऱ्या दिवसापासून तीन घरी जेवायला लागला. काकूंकडे जेवायचा, मग आत्यांकडे जाऊन तोंड पाडून बसायचा की ताईने भात करपवला, तिथे जेवायचा, मग आजोबांकडे. मला हे पाचव्या दिवशी कळलं आणि मी त्याला असा बदडला की काकू मध्ये पडल्या. भूक नव्हती हो त्याला, त्याला ते जमतंय याची मजा वाटत होती. आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, की आता सगळे म्हणणार हिला करता येत नाही.

हे सांगायचं कारण असं की चाळीत तीन पोरं आठ महिने एकटी आहेत आणि कुणाला पत्ता नाही हे होऊच शकत नाही. संध्याकाळपर्यंत मजल्याला कळतं, दुसऱ्या दिवशी दुकानदाराला. लेखकाला लपवाछपवीची गोष्ट हवी होती तर त्याने पोरांना विरारकडच्या एखाद्या नव्या टॉवरमध्ये ठेवायला हवं होतं, जिथे लॅच लावला की आत कोण आहे नि कोण नाही ते समोरच्या फ्लॅटला वर्षभर कळत नाही. चाळच हवी होती तर गोष्ट वेगळी झाली असती, आणि मला वाटतं जास्त भयानक झाली असती, कारण तिथे सगळ्यांना माहीत असतं. प्रत्येकजण कधीतरी एक वाटी आमटी देतो आणि प्रत्येकाला वाटतं बाकीचं दुसरं कुणीतरी बघतंय. ती कादंबरी कुणी लिहिलेली मला अजून सापडली नाही, कुणाकडे बाड पडून असेल तर पाठवा.

आणि लपायचं कशाला, याचंही उत्तर पुस्तकात नाही. मुलं पोलिसांना घाबरतात एवढंच येतं. पण मुंबईत १०९८ हा नंबर आहे, मुलांच्या मदतीसाठीची ही सेवा सुरूच मुंबईतून झाली, १९९६ मध्ये, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या कामातून. ही पोरं कधीतरी स्टेशनवर जातात, तो नंबर कुठेतरी भिंतीवर दिसणारच. मग १४ वर्षांचा शहाणा मुलगा तो का लावत नाही? लावला तर काय होईल याची त्याला काय भीती आहे? २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे अशी मुलं बाल कल्याण समितीपुढे जातात, समिती आधी नातेवाईक शोधते, ते नसले तर बालगृह, आणि मुलांची नि मुलींची बालगृहं वेगळी असतात. म्हणजे मदत मागितली की आपण तिघं एकत्र राहणार नाही. ही एक ओळ त्या मुलाला कुणाकडून तरी कळली असती तर त्याचं आठ महिने गप्प राहणं समजलं असतं, आणि दर वेळी त्याची नजर त्या नंबरवर गेली की आपल्या पोटात गोळा आला असता. बहिणींसाठी मदत मागावी की बहिणींसाठी मागू नये, या पेचावर अख्खी कादंबरी उभी राहिली असती.

इथवर झालं ते एका दमात सांगायचं तर, पहिल्या साठ पानांत मुलं काहीतरी करत होती म्हणून तुम्ही ठाण्याला पोचलात, नंतर त्यांना फक्त वाटत राहतं म्हणून तुम्ही झोपलात. निबर वगैरे काही नाही झालेला.

तुम्ही विचारलंत की या प्रकारात चांगलं काय आहे. तीनच सांगते. ज्यूल व्हर्नने १८८८ मध्ये एक लिहिली, नावाचा अर्थ 'दोन वर्षांची सुट्टी', ऑकलंडच्या बोर्डिंगमधली चौदा पोरं आणि जहाजावरचा एक पोऱ्या अशी पंधरा जणं मोठ्या माणसांशिवाय जहाजावरून वाहत जातात आणि बेटावर अडकतात. आज वाचायला काही ठिकाणी जड जाते, त्यातल्या काही समजुतीही आता खटकतात, पण पोरं आल्या आल्या जहाजावर काय काय उरलंय त्याची यादी करतात आणि नंतर मतं टाकून नायक निवडतात. यादी वाचताना मला जी धडधड होते ती त्या कावळ्याने एकदाही झाली नाही. दुसरी गोल्डिंगची 'लॉर्ड ऑफ द फ्लाईज', १९५४ ची, जीएंनी (जी. ए. कुलकर्णींनी) मराठीत आणलीय, तिच्यातही शाळकरी पोरं बेटावर एकटी अडकतात. तिच्यात माझा हिशोब चालत नाही, आणि चालवायचाही नाही, कारण ती पहिल्यापासून सांगते की मी रूपक आहे, शंख आहे, डुकराचं डोकं आहे, बेटाला पत्ता नाही. पुस्तकाने स्वतः ज्या मापाने मोजा म्हटलं त्याच मापाने मोजायचं. तुमच्या कादंबरीने भांडुप स्टेशन, भाड्याचा आकडा आणि दोरीवरचा शर्ट दाखवून स्वतःच वाण्याची वही उघडली, मग मध्येच मी रूपक आहे म्हणाली तर कसं चालेल. तिसरी 'रान', कॉनराड रिक्टरची, मूळ १९४० ची, हीपण जीएंनीच केलेली. ओहायोच्या जंगलात आई मरते, धाकटी मुलगी रानात हरवते, तिला शोधायला निघालेला बाप परत घरी येत नाही आणि थोरली मुलगी उरलेल्यांना घेऊन राहते. ती पोरगी बसून विचार करत नाही. तिला वेळ कुठेय. आणि वाचून संपल्यावर तिचं दुःख आपल्यालाच मोजत बसावं लागतं, कारण तिने ते कुठे सांगितलेलंच नसतं. हे एक मिळालं तर आधी हेच वाचा.

आणि जे खरंच घडतं ते लेखकांना सुचतच नाही. १९६५ मध्ये टोंगातल्या सहा मुलांनी बोर्डिंगच्या कंटाळ्याने एक होडी पळवली, वादळात सापडली, आणि 'अटा' नावाच्या ओसाड बेटावर पंधरा महिने राहिली. चूल विझू दिली नाही, दोघा-दोघांच्या पाळ्या लावल्या, भांडण झालं की भांडणाऱ्यांनी दोन दिशांना जायचं आणि डोकं थंड झालं की यायचं. एकाचा पाय मोडला तो बाकीच्यांनी काठ्या बांधून बसवला आणि तो नीट जुळला. सप्टेंबर १९६६ मध्ये एका ऑस्ट्रेलियन दर्यावर्दीला ती सापडली, आणि घरी आल्यावर काय झालं असेल? होडी चोरली म्हणून पोलिसांनी आत टाकलं! होडीच्या मालकाने तक्रार मागे घेतली नव्हती. हा शेवट मी हस्तलिखितात वाचला असता तर कदाचित मीच लिहिलं असतं की "अतिरंजित वाटतो".

कारण मीही चुकते. एकदा एका बाडात पैशाचा एक शब्द नाही म्हणून मी नको म्हणून कळवलं, ते दुसरीकडे छापलं गेलं, आणि छापील वाचताना कळलं की सांगणारं पोर पाच वर्षांचं आहे, त्याला पैसा दिसतच नाही, त्याला फक्त बहिणीचा आवाज बदललेला दिसतो. हिशोब होता, पण तो बहिणीच्या आवाजात होता. तेव्हापासून वही उघडण्याआधी मी बघते की गोष्ट कोण सांगतंय. तुमच्या कादंबरीत ती सवलतही नाही, कारण ती लेखकच सांगतोय, वरून, सगळं माहीत असलेला.

याउलट एक बाड आलं होतं जेमतेम सत्तर पानांचं, लिहिणारा लहानपणी दोन वर्षं दादर स्टेशनवर राहिलेला. एकदाही रडगाणं नाही. त्यात एक ओळ होती की रात्री चपला उशाला घ्यायच्या, आणि दोन्ही घ्यायच्या, कारण एक चोरीला गेली तर उरलेलीचा राग येतो. प्रकाशकाला ते फार लहान वाटलं, नाही छापलं. माझ्या अभिप्रायाने काही फरक पडला नाही. ती ओळ मात्र मला दर वेळी दादरला पूल चढताना आठवते.

आता शेवटाकडे येते. तुम्ही शेवट वाचलेला नाही आणि मी फोडणार नाही असं म्हणणार होते, पण रविवारी बोलायचंय तर सांगितलेलंच बरं. बापाचा जुना मित्र येतो, पैसेवाला, आणि तिघांना पुण्याला घेऊन जातो, आणि बाप का गेला ते बारा पानांत समजावून सांगतो. मोठं माणूस येऊन सोडवतं हे या प्रकारात होतंच, गोल्डिंगकडेही पांढऱ्या गणवेशातला नौदलाचा अधिकारी येतोच. पण तो ज्या बोटीतून आलाय ती लढाईची बोट आहे, म्हणजे पोरं बेटावर जे करत होती तेच मोठी माणसं बाहेर करतायत, त्यामुळे सुटका झाली तरी श्वास मोकळा होत नाही. इथे मित्र येतो आणि लेखकाचाच श्वास मोकळा होतो. थोरल्याला राग येत नाही की आठ महिने तू कुठे होतास. भाड्याचं काय झालं ते तर सोडाच.

तेव्हा वाचावं की नाही? मला पैसे मिळतात म्हणून मी शेवटपर्यंत वाचते, तुम्हाला तसं बंधन नाही. नुसतं घरी वाचत असतात तर म्हटलं असतं ठेवा बाजूला, कपाटात पुस्तकं कमी आहेत का. पण बोलायचंय, तर १५० ते ३४० चाळा, धाकटी जिथे जिथे बोलते तेवढंच थांबून वाचा, ती बोलते तेव्हा लेखक अजून जागा असतो. मग ३४० पासून शेवटपर्यंत नीट वाचा. आणि कट्ट्यावर सुरुवातीलाच सांगून टाका की मधलं मी चाळलंय, कुणी खात नाही, निम्म्यांनी तेच केलेलं असतं.

सुरुवात शर्टापासून करा. ते पान मोठ्याने वाचून दाखवा, चांगलं आहे ते आधी लेखकाच्या पदरात टाका. मग विचारा की तो शर्ट पुढे कुणाला कुठे दिसला का. "फालतू आहे" असं म्हणू नका, दोन कारणांनी, एकतर ते खरं नाही, आणि दुसरं म्हणजे त्या खोलीत कुणी असं असू शकतं ज्याने तो शर्ट स्वतः वाळत घातलाय. तुमच्याशी कुणी भांडेल, बहुतेक एखाद्या काकू भांडतील की तुम्हाला पोरांचं दुःख कळत नाही, तर त्यांना तांदळाचं विचारा. त्यांना ते लगेच कळेल, तुमच्या-माझ्या आधी.

आणि चाळताना एक माझ्यासाठी बघा. मी दोनदा शोधलं पण डोळे आता पूर्वीसारखे नाहीत. त्या धाकटीचा दात कुठे हलतो का बघा, एका ओळीत जरी असला तरी पान नंबर कळवा, मी माझ्या कोऱ्या पानावरचं तेवढं खोडेन.